राखीव रोपं ठेवा, झाडांचा पुढचा हप्ता अडणार नाही

रोजगार हमी योजनेतून (रोहयो) शेतात किंवा बांधावर साग, बांबू, कडुनिंब लावला की मजुरी तीन वर्षांत हप्त्यांनी मिळते. पण कोरडवाहूत 75 टक्के, बागायतीत 90 टक्के झाडं जिवंत नसतील तर पुढचा हप्ता अडतो.

1. शंभर खड्ड्यांमागे पंधरा जादा रोपं, त्याच जातीची, मोठ्या पिशवीत सावलीला ठेवा. महिन्या-दीड महिन्याने पिशव्या जागच्या हलवा. नाहीतर मुळं जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात.
2. पुढच्या पावसाळ्यात, जमीन नीट भिजल्यावर नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी ही राखीव रोपं लावा.

उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, म्हणून लगेच उपटू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पाहणीला आलेल्यांनाही हेच दाखवा.