पद्मिनीचा कार्बुरेटर: घेताना काय बघायचं, स्लो कसा सेट करायचा

प्रीमियर पद्मिनी गाडी पिकअप घेत नाही किंवा सिग्नलला बंद पडते म्हटलं की पहिला आळ कार्बुरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, येतो. बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), सीबी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्टचा, गॅप (साधारण ०.४५ मिमी) आणि प्लगचा गॅप (०.६ मिमी) बघून घ्या. हे चुकलेलं असेल तर स्क्रू कितीही फिरवा, गाडी ताळ्यावर येणार नाही.

मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना सोलेक्स कार्बुरेटर बघताना चकाकीला भुलू नका. थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल चिमटीत धरून हलवा. खडखडला तर तिथून हवा ओढली जाणार आणि स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, आयडलिंग) कधीच टिकणार नाही. जेट, डायफ्राम, नीडल व्हॉल्व्ह, पॅकिंग बदलता येतं. घासलेल्या बॉडीला मात्र टर्नरकडून बुश मारून घ्यावा लागतो, आणि तो नीट मारणारा टर्नर शोधणं हेच मोठं काम. खालची फ्लँज काचेवर ठेवा; नट फार आवळलेले असतील तर ती वाकलेली दिसेल. मोठा डबल बॅरल बसवायच्या फंदात पडू नका. १०८९ सीसीच्या इंजिनाला मोठ्या व्हेंचुरीत (कार्बुरेटरच्या आतल्या अरुंद गळ्यात) हवेचा वेग मिळत नाही, पेट्रोल नीट फुटत नाही आणि ट्रॅफिकमध्ये लागणारा खालचा पिकअपच जातो.

स्लो सेट करताना इंजिन पूर्ण गरम हवं, चोक ओढलेला नको. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावला तर टोकावर चर पडतो आणि स्क्रू कायमचा बाद), मग दीड फेरा बाहेर. थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो ८०० आरपीएमच्या आसपास ठेवा. आता मिक्श्चर पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत वेगात, सलग चालेल ती जागा शोधा, वाढलेला स्लो पुन्हा ८०० वर आणा, आणि हेच परत करा. शेवटी किंचित आत.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत जाऊनही इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल ठरावीक उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर आहे किंवा थ्रॉटल जास्त उघडा राहिलाय. तीन फेरे बाहेर काढूनही फरक नसेल तर स्लो जेट तुंबलाय. जेट हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घातली की पितळ घासतं आणि भोक मोठं होतं.

ई२० (२० टक्के इथेनॉल असलेल्या) पेट्रोलने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लगचं पोर्सेलीन पांढरं दिसू लागलं तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा घाला, उदाहरणार्थ ११५ च्या जागी १२०. जुने रबरी पाइप इथेनॉलने फुगतात, तेही बदला. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर फ्लोटची वाटी रिकामी करा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि वाटीत पांढरी पूड जमते.

उन्हात गाडी थांबवून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल, तर ते बहुधा उकळून सांडलेलं पेट्रोल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल पंप करू नका, आणखी पेट्रोल आत जाईल. कार्बुरेटरखालचा बॅकेलाइटचा जाड पॅकिंग ब्लॉक कुणी काढून टाकलाय का, तेही बघा.