खंबातच्या आखाताचं मातकट पाणी तैलरंगात

बडोद्याहून समुद्र रंगवायला निघालेला माणूस पॅलेटवर आधी भरपूर निळा काढतो. कावी-कंबोईच्या किनाऱ्यावर तो निळा तसाच सुकतो. मही, नर्मदा, साबरमती यांचा गाळ खंबातच्या आखातात येतो, त्यामुळे पाणी मातकट. इम्प्रेशनिस्ट पद्धतीला, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी त्या क्षणाचा उजेड टिपण्याला, हे पाणी उलट सोयीचं, कारण खालचा मातीचा उबदार रंग आणि वर पडलेलं आभाळाचं थंड प्रतिबिंब, दोन्ही एकाच लाटेत दिसतात.

१२ × १६ इंचांचा कॅनव्हास बोर्ड पुरतो. दोन-तीन दिवस आधी त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) फासून चिंधीने पुसून घ्या. कोऱ्या पांढऱ्यावर उन्हात छटांचा अंदाज हमखास चुकतो. रंग सहाच: टायटॅनियम व्हाइट (बाकीच्यांच्या तिप्पट), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आभाळी निळा). काळा घरीच ठेवा. गडद हवा तिथे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. चपटे, राठ केसांचे ४, ६ आणि ८ नंबरचे ब्रश घ्या.

भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच निघा. इथे पाणी इतकं चढतं की स्तंभेश्वराचं मंदिर भरतीत बुडतं. गाळात उतरून ईझल (कॅनव्हास उभा करायची घोडी) लावायचं धाडस नको. पहिल्या दहा मिनिटांत क्षितिज आणि पाण्याची कड पातळ रंगाने आखा आणि मग ती कड बदलू नका. सरकत्या पाण्यामागे धावलात तर चित्र कधीच जुळत नाही. क्षितिज कॅनव्हासच्या मधोमध नको.

खरं काम पाण्याच्या रंगात आहे. ऑकरमध्ये अल्ट्रामरीन थोडा थोडा घाला, तो ऑकरला पटकन गिळतो. मिश्रण हिरवट झालं की अलिझरिनचा एक टिपका, मग पांढरा. आता याचे तीन ढीग करा: एकात ऑकर जास्त, एकात निळा जास्त, तिसरा मधला. तिघांचा उजळपणा सारखा हवा. डोळे किलकिले करून पाहा. ढीग एकमेकांत विरघळल्यासारखे दिसले तर जमलं, नाहीतर पाण्याची फरशी होईल. हे फटकारे शेजारी शेजारी ठेवा, घोटू नका. जवळचे फटकारे रुंद, क्षितिजाकडचे बारीक आणि आडवे. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी ब्रश पुसा. रंगाचा चिखल होतो तो बहुधा न पुसलेल्या ब्रशमुळे, रंगांना उगाच दोष.

फेस निव्वळ पांढरा नसतो. सावलीतल्या फेसाला जांभळट करडा लावा आणि उजेडातल्याला ऑकरची किंचित झाक. चमचमाट अगदी शेवटी, जाड रंगाने, एकदाच.

दीड तासात थांबा, ऊन बदललेलं असतं. उरलेलं घरी करायचं तर वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. किनाऱ्याला जाण्याआधी बडोद्यातल्या सुरसागर तळ्याच्या पाळीवर दोन-चार सकाळी हात बसवून घ्या. तळ्यातली मूर्ती मात्र वगळा, ती डोळा पाण्यावर ठरू देत नाही.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून डिकीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.