शेतातला वाटा घरी आला की: हंगामातली भरपूर भाजी वाया न घालवता कशी वापरावी

हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घरी आणायचा, अशी ही पद्धत. जपानमध्ये १९७० च्या दशकात ती ‘तेइकेइ’ या नावाने रुजली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांनी असे वाटे द्यायला सुरुवात केली आणि आता कितीतरी देशांत अशी शेतं आहेत. पीक बेताचं आलं तर वाटा बेताचा, भरभरून आलं तर पेटीही भरून वाहते. शेतकऱ्याच्या जोखमीत आपण भागीदार होतो, ही त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

पण ऐन हंगामात एकाच आठवड्यात तीन जुड्या पालक, दोन कोबी, पाच किलो टोमॅटो आणि मनगटाएवढ्या झुकिनी समोर आल्या की भलेभले गांगरतात. पहिल्या हंगामात मी पेटी आणायचे, तशीच फ्रिजमध्ये रिकामी करायचे आणि चार दिवसांनी पिशवीच्या तळाशी पालकाचा काळा चिखल सापडायचा. कुणीतरी उन्हात वाकून काढलेली ती भाजी टाकताना जीव तुटायचा. पुढे लक्षात आलं की पाककृती शोधण्याआधी पेटीला पहिला एक तास द्यायला हवा. तो दिला की आठवडा निभावतो.

पहिला तास

पेटी टेबलावर पूर्ण रिकामी करा, म्हणजे काय आणि किती आलंय ते एकदा डोळ्यांखालून जातं. चिरडलेलं, भोक पडलेलं, डाग असलेलं बाजूला काढा. ते आज रात्रीच वापरायचं.

मग गाजर, बीट, मुळा यांचा पाला ताबडतोब वेगळा करा. पाला हिरवागार आणि टवटवीत दिसतो म्हणून तसाच ठेवायचा मोह होतो, पण पानांतून पाणी उडत राहतं आणि ते पाणी पानं कंदातून ओढून घेतात. पाल्यासकट ठेवलेलं गाजर दोन-तीन दिवसांनी हातात घेऊन बघा, रबरासारखं वाकतं. पाला काढलेलं गाजर बंद पिशवीत काही आठवडे कडक राहतं. बिटाला मात्र दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवा, नाहीतर शिजवताना त्याचा रंग पाण्यात उतरतो. बिटाचा आणि मुळ्याचा पाला खाण्याजोगा असतो, तो पालेभाजीच्या ढिगात टाका.

पालेभाजी चिखलाची असेल तरच आधी धुवा. मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घेऊन पानं त्यात बुडवून हलवा, पाच मिनिटं थांबा आणि पानं वरच्या वर हाताने उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतू नका, तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. नंतर पानं कापडावर पसरून चांगली कोरडी करा, कोरड्या फडक्यात सैलसर गुंडाळा आणि पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पानांना दमटपणा हवा असतो, पण अंगावर पाणी राहिलं की ती सडतात. फडकं दोन्ही गोष्टी सांभाळतं.

वाटेतच माना टाकलेली पानं फेकू नका. बर्फासारख्या गार पाण्यात अर्धा तास ठेवली की पेशींत पुन्हा पाणी भरतं आणि पानं ताठ होतात. पिवळी किंवा बुळबुळीत झालेली मात्र परत येत नाहीत.

कुणाला कुठे ठेवायचं

सगळ्यात जास्त नुकसान टोमॅटोचं होतं, कारण सगळेच ते फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीत टोमॅटोचा वास मरतो आणि गर पिठूळ होतो. ते बाहेर, उन्हापासून लांब, देठाची बाजू खाली करून एका थरात ठेवा. पूर्ण पिकले आणि संपेनात, तेव्हाच फ्रिज. काकडी, फरसबी, वांगी, झुकिनी यांनाही साधारण १० अंश सेल्सिअसखाली फार दिवस राहणं सोसत नाही. सालीवर खड्डे पडतात, पाणीदार डाग उठतात. फ्रिजमध्ये ठेवायचीच तर त्यातल्या त्यात कमी गार जागी, आणि तीन-चार दिवसांत संपवा.

बटाटे अंधारात आणि हवेशीर जागी. उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यांच्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांदेही हवेशीर आणि कोरड्या जागी, पण बटाट्यांपासून दूर. सफरचंद, पिकलेली केळी आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवली तर पालेभाजी आणि ब्रोकोली लवकर पिवळी पडते, गाजर कडवट होतं.

कोथिंबीर आणि पार्सलीचे देठ खालून थोडे कापून फुलांसारखे पेल्यातल्या पाण्यात उभे करा, वरून पिशवी सैल पांघरून फ्रिजमध्ये ठेवा. बेझिल (तुळशीसारखं सुगंधी पान) मात्र फ्रिजमध्ये काळं पडतं, त्याचा पेला बाहेरच बरा.

आधी काय संपवायचं

आता कागदावर तीन ओळी लिहा आणि फ्रिजच्या दारावर लावा. पहिल्या ओळीत दोन-तीन दिवसांत संपवायचं ते: कोवळी पानं, बेरी, मक्याची कणसं (कणीस तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं), नाजूक हिरवी पानं. दुसरीत आठवड्याचं: फरसबी, काकडी, झुकिनी, ब्रोकोली, फ्लॉवर. तिसरीत वाट बघू शकणारं: कोबी, गाजर, बीट, कांदे, बटाटे, लाल भोपळा. रोज स्वयंपाकाला लागण्याआधी पहिली ओळ वाचायची. काय खावंसं वाटतंय हा प्रश्न त्यानंतर.

एक सावधगिरी इथेच सांगते. झुकिनी, भोपळा किंवा काकडी चिरल्यावर छोटा तुकडा चाखून बघा. जहाल कडू लागली तर थुंकून द्या आणि सगळी टाकून द्या. त्या कडूपणामागे कुकुरबिटॅसिन हे विषारी द्रव्य असतं आणि शिजवून ते जात नाही.

मोठा ढीग लहान कसा करायचा

पानांचा डोंगर बघून घाबरू नका. अर्धा किलो पालक शिजला की जेमतेम वाटीभर उरतो. रुंद कढईत थोडं तेल आणि लसूण, त्यात मूठ-मूठ पानं घालत जा. पहिली मूठ बसली की दुसरी. पाच मिनिटांत सगळी जुडी आत. पाणी आटवून हा गोळा डब्यात ठेवला तर तीन दिवस ऑम्लेटमध्ये, सुपात, भातात, कुठेही चमचाभर घालता येतो. पेटी आली त्याच संध्याकाळी मी हे करते, कारण नंतर कंटाळा येतोच.

बाकी भाज्यांसाठी ओव्हन असेल तर तापलेलं तबक. तुकडे एकसारखे कापा, तेल-मीठ चोळा आणि २१० ते २२० अंशांवर भाजा. तबकात एकच थर हवा. एकावर एक रचले की भाज्यांना सुटलेलं पाणी अडकतं आणि त्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. दोन तबकं लागली तर दोन घ्या.

झुकिनी जून आणि मोठी असेल तर मधला बियांचा मऊ भाग काढा, उरलेली किसा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि फडक्यात घट्ट पिळा. किलोभर किसातून पेला भरेल एवढं पाणी निघतं. पिळलेला कीस लगेच वापरा, किंवा वाटी-वाटीच्या पुड्या करून गोठवा.

गोठवणं

बहुतेक भाज्या कच्च्याच गोठवल्या तर काही आठवड्यांत रंग उडतो आणि चव गवतासारखी लागते. भाजीतली विकरं (एन्झाइम, म्हणजे भाजीत बदल घडवत राहणारी द्रव्यं) थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. म्हणून आधी उकळत्या पाण्यातून काढायची. अर्धा किलो भाजीला ४ लिटर पाणी घ्या, म्हणजे भाजी घातल्यावर मिनिटभरात परत खळखळून उकळी येते. तिथून वेळ मोजा: फरसबी ३ मिनिटं, ब्रोकोलीचे तुरे ३ मिनिटं, पालेभाजी २ मिनिटं, मटार दीड मिनिट. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मग निथळून, कापडावर टिपून अगदी कोरडी करा.

कोरडी भाजी तबकात सुटी पसरून आधी गोठवा आणि घट्ट झाल्यावरच पिशवीत भरा. थेट भरली तर एकच दगड होतो आणि मूठभर हवी असताना सगळी वितळवावी लागते. हवा दाबून काढा, नाव-तारीख लिहा. उणे १८ अंशांवर ८ ते १२ महिने चव चांगली राहते. कांदा आणि ढोबळी मिरची यांना उकळायची गरज नाही, चिरून सरळ गोठवा.

टोमॅटोइतकं सोपं तर काहीच नाही. धुवून, पुसून, देठाचा भाग काढून अख्खेच पिशवीत भरा. महिन्यांनी गोट्यांसारखे खणखणीत टोमॅटो बाहेर काढा आणि एकेक कोमट नळाखाली धरा. साल तडकते आणि अंगठ्याने लोटली की अख्खी पिशवीसारखी सुटून हातात येते. तसेच पातेल्यात टाका. सुपाला आणि रश्शाला ते ताज्याइतकेच लागतात, सॅलडला चालत नाहीत.

कोबी आंबवणं

दोन कोबी एकदम आले की मला आनंदच होतो. वरची पानं काढून एक पान राखून ठेवा, बाकी कोबी बारीक चिरा आणि चिरल्यावर वजन करा. १ किलोला २० ग्रॅम मीठ, अंदाजाने नको, काट्यावर मोजून. दोन्ही हातांनी चोळत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही, मग कोबी मऊ पडतो, चमकायला लागतो आणि आठ-दहा मिनिटांनी मूठ आवळली की बोटांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागतात. तिथे थांबा.

स्वच्छ काचेच्या बरणीत थर-थर भरत मुठीने दाबा. सुटलेलं पाणी कोबीच्या वर यायला हवं. वर राखलेलं पान झाका आणि त्यावर छोटं वजन ठेवा. पाणी कमी पडलं तर लिटरला २० ग्रॅम मीठ या प्रमाणात पाणी करून घाला. बरणीत तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि झाकण सैल ठेवा. १८ ते २२ अंशांत दोन-तीन दिवसांनी बुडबुडे दिसतात. कोबीच्या पानांवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागलेले असतात. मीठ बाकीच्यांना रोखतं आणि आंबटपणा वाढला की कोबी टिकतो. आठवड्याने चाखा, तीन-चार आठवड्यांत चव पूर्ण येते, मग फ्रिजमध्ये हलवा. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर काढून टाका. लोकरीसारखी किंवा रंगीत बुरशी धरली तर मात्र सगळी बरणी टाका.

काकडी, मुळा, बीट यांच्यासाठी घाईचा मार्ग: ५ टक्के आम्लाचा व्हिनेगर आणि पाणी समान, चवीला मीठ-साखर, एक उकळी, चकत्यांवर ओतायचं. थंड झालं की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवसापासून खायला लागा आणि काही आठवड्यांत संपवा.

हे करू नका

बरणी पाण्यात उकळून झाकण घट्ट बसलं म्हणजे भाजी सुरक्षित झाली, हा समज धोक्याचा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवा नसलेल्या, कमी आंबट जागी ते वाढतात आणि जीवघेणं विष तयार करतात. सीमा आहे पीएच ४.६ ची (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट). फरसबी, बीट, मका, पालेभाजी या सगळ्या तिच्या वर, म्हणजे कमी आंबट. त्या बरणीबंद करायला ११६ अंशांच्या आसपास तापमान देणारं, त्याच कामासाठी बनवलेलं दाबाचं भांडं आणि तपासलेली कृती लागते, नेहमीचा प्रेशर कुकर चालत नाही. टोमॅटो तर सीमेवरचेच, म्हणून बरणीबंद करताना त्यांत बाटलीतला लिंबाचा रस मोजून घालतात. घरच्या घरी तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत वापरा किंवा गोठवा.

तरीही उरलं तर

सुगंधी पानं जुडी बांधून सावलीत वाळवा. उरलेली भाजी शेजाऱ्याला द्यायची तर पहिल्याच दिवशी, ताजी असताना द्या. शिळी झाल्यावर दिलेली भाजी त्यांच्या घरात जाऊन वाया जाते. दर आठवड्याला काय टाकावं लागलं ते त्याच कागदाच्या मागे लिहीत गेलात तर पुढच्या हंगामात अर्धा वाटा घ्यायचा की कुणाबरोबर वाटून घ्यायचा, ते त्यावरून कळतं. शेतकऱ्यालाही सांगा. पुढे काय किती पेरायचं हे ठरवताना त्यालाही ते उपयोगी पडतं.

आणि नवी पेटी येण्याच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज झाडून काढा. अर्धं गाजर, कांद्याचं टोक, टोमॅटोचा तुकडा, कोथिंबिरीचे देठ, सगळं पातेल्यात घालून पाणी ओता आणि मंद आचेवर पाऊण तास उकळा. कोबी, ब्रोकोलीचे तुकडे यात नकोत, पाणी उग्र होतं. गाळून घ्या, गार झालं की डब्यात भरून वर तारीख लिहा आणि खालचा कप्पा पुसून मोकळा ठेवा. उद्या त्यात पालक यायचा आहे.