फोनवरून मुलाखती घेणार असाल तर आधी हे बघा

२०२१ मधे कोरोनामुळे परत सगळं बंद झालं, नाशिकजवळच्या दिंडोरीला जाणं शक्य नव्हतं, म्हणजे माझ्या अभ्यासासाठी द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या बायकांच्या उरलेल्या मुलाखती त्याही वर्षी नाशकात घरी बसून फोनवरच. २०२० मधे मी याचा चांगलाच घोळ घातला होता म्हणून लिहितेय.

चार्जर, वही, प्रश्न हे सांगायला नको. एथिक्स कमिटीला (अभ्यासात कोणाला त्रास होत नाही ना हे बघणारी समिती) 'प्रत्यक्ष' ऐवजी 'फोनवर' असा बदल लेखी कळवा, गाईड म्हणतील चालतंय, ऐकू नका. रेकॉर्डिंग आधी मैत्रिणीला फोन लावून तपासा, अँड्रॉइड १० आल्यापासून कित्येक फोनमधे अ‍ॅप चालतंय असं दिसतं आणि नंतर ऐकलं तर फक्त आपलाच आवाज. मी आपला स्पीकर चालू करून शेजारी दुसरा फोन ठेवते, पण मग स्वतःच्या घरातही दार लावून बसा.

आता मुद्द्याचं. फोन कोणाचा आहे आणि शेजारी कोण बसलंय हे पहिल्यांदा विचारा. पहिल्यांदा म्हणजे नाव, गाव, वय याच्याही आधी. २०२० मधे एक ताई मस्त बोलत होत्या, बचत गटातले पैसे घरी न सांगता माहेरी ठेवलेत वगैरे, आणि मी इकडे खूश, भराभर लिहून घेतेय. मागून पुरुषाचा आवाज आला, "कोणते पैसे?" फोन कट. फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू, आणि मी विचारलंच नव्हतं. ओट्यावर समोर बसले असते तर तो दारात दिसला असता की. नंतर तो नंबर लागलाच नाही, त्या घरात पुढे काय झालं देव जाणे. म्हणून परत सांगते, स्पीकर चालू आहे का विचारा, आणि मधेच कोणी आलं तर त्यांनी काय म्हणायचं ते आधी ठरवून घ्या. आमचं ठरलंय, "कांद्याला काय भाव?" हे आलं की मी लगेच भावावर घसरते. दर दहा मिनिटांनी परत विचारा, माणसं येत जात असतात.

वेळ त्यांना ठरवू द्या. एप्रिलमधे द्राक्षवेलींची खरड छाटणी असते, पहाटे पिकअपमधे बसून जातात ते संध्याकाळी परत. दुपारच्या सुट्टीत नवरा नसतो पण मुकादम असतो, म्हणजे तिथेही तोच प्रश्न, शेजारी कोण? सुरगाणा, पेठकडच्या बायका रेंजसाठी टेकडीवर येतात, तेव्हा तासभर पिळू नका, तीन तुकड्यांत घ्या. रिचार्ज तुम्ही मारून द्या.

तेव्हा माझं पहिलं वाक्य: मी सरकारी नाही, क्वारंटाइनचं काही नाही. नाहीतर लोक फोन ठेवायचे, आणि बरोबरच होतं त्यांचं. नंबर मिळवायला आशाताईंना (गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांना) मधे घालू नका, २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या कोरोनाच्या मोहिमेपासून त्या सर्व्हेतच बुडाल्या होत्या, शिवाय त्यांच्यातर्फे गेलात की तुम्ही सरकारीच ठरता. घरात कोणी आजारी असेल तर मुलाखत नाही, विषय संपला. २१ एप्रिल २०२१ ला नाशकातल्या हॉस्पिटलमधे ऑक्सिजनची गळती झाली त्यानंतर आठवडाभर मी एकही फोन लावला नाही.

संमतीपत्रावर सही कुठून आणणार, माहिती व्हॉइस नोटवर पाठवा, होकार वेगळ्या फाइलमधे रेकॉर्ड करा. ज्यांच्याकडे फोनच नाही त्या बायका तुमच्या अभ्यासात नाहीत, हे प्रबंधात स्पष्ट लिहा, लपवू नका.

बाकी पटापट. फाइलला नाव नको, अनुक्रमांक द्या. व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप बंद. मागचे आवाज, मोटर, कोंबडा, पोरं, त्याच दिवशी टिपून ठेवा. रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः लिहून काढायचं ते त्याच आठवड्यात, सुरगाणा-पेठकडच्या कोकणा बोलीतले शब्द नंतर कळत नाहीत. आणि काय लिहिलंय ते सांगायला परत फोन कराल तेव्हाही आधी स्पीकर विचारा, मग बोला.