ग्रामसभेआधी ग्रंथालयात अंदाजपत्रकाचं वाचन कसं घ्यावं

गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात वर्तमानपत्रं येतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतात. आपल्याच ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक मात्र तिथे क्वचितच सापडतं. मग ग्रामसभेत आकडे वाचले जातात तेव्हा ते बहुतेकांच्या कानांवरून जातात आणि 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून सभा संपते. लोकांनी चार-पाच दिवस आधी तोच कागद हातात घेऊन वाचला असेल, तर सभेत नेमके प्रश्न येतात.

तारीख ठरवणं सोपं आहे. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. नोटीस लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाचन ठेवा. सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती (कोरम) लागते. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुढे कोरमशिवायही चालते. म्हणून पहिल्या सभेला माणसं येणं महत्त्वाचं, हे वाचनाच्या सुरुवातीलाच सांगा.

कागद आधी जमवा: चालू वर्षाचं अंदाजपत्रक, मागच्या वर्षाचा जमाखर्च, गाव विकास आराखडा आणि मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पदाचं जुनं नाव ग्रामसेवक) ते लेखी मागा आणि पोच घ्या. आराखडा 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर पाहता येतो. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा प्रती पुरतात. तीन-चार जणांत एक प्रत राहिली की लोक आपोआप बोलू लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत दिली तर ती घडी घालून खिशात जाते.

वेळ दीड तास, माणसं वीसच्या आत. जास्त आली तर दोन गट करा, कारण मोठ्या गटात वाचनाचं भाषण होतं. सगळं अंदाजपत्रक एकाच बैठकीत वाचायला जाऊ नका. दोन-तीन बाबी पुरेत: पाणीपुरवठा, दिवाबत्ती आणि राखीव खर्च. पंचायतीच्या स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा. फळ्यावर तीन रकाने आखा: तरतूद, प्रत्यक्ष खर्च, फरक. आकडे लोकांनाच मोठ्याने वाचू द्या आणि बेरीज-वजाबाकी त्यांनाच करू द्या. फरक दिसला म्हणजे लगेच गैरव्यवहार झाला असं नाही. निधी उशिरा आला असेल, काम पुढच्या वर्षावर गेलं असेल. ठपका ठेवण्याऐवजी प्रश्न लिहा: 'दिवाबत्तीचे अमुक रुपये का खर्च झाले नाहीत?' असे चार-पाच प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवून कोणी कोणता विचारायचा ते तिथेच ठरवा.

उपक्रम बहुधा दोन कारणांनी मोडतो. पहिलं, निवडणूक जवळ आली की एखाद्या पक्षाचे कार्यकर्ते बैठक ताब्यात घेतात. म्हणून नियम आधीच भिंतीवर लावा: पक्षाचं नाव, चिन्ह, पत्रक आत आणायचं नाही आणि एकाने सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही. सरपंच किंवा सदस्य आले तर त्यांनाही हाच नियम. दुसरं कारण अधिक खोलवरचं आहे: संध्याकाळचं ग्रंथालय पुरुषांची बसायची जागा असते, बायका येत नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी वेगळं वाचन ठेवा, बचत गटांमार्फत निरोप द्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते; हे वाचन तिच्याही आधी झालं पाहिजे.

पंचायतीने कागद दिलेच नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तो ग्रंथालयाच्या नावाने करू नका, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. एखाद्या वाचकाने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. 'सर्व माहिती द्या' असं मोघम लिहू नका. वर्ष आणि कागदाचं नाव लिहा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणजे पुढच्या ग्रामसभेसाठीचा अर्ज दीड महिना आधी गेला पाहिजे. मिळालेले कागद वर्षवार फायलीत लावा, दाखलनोंदवहीत चढवा आणि संदर्भग्रंथांसारखे फक्त आत बसून वाचायला ठेवा. बाहेर गेलेली प्रत परत येत नाही.