गावातला मेन रोड रुंद करायचाय? आधी टेप काढा, जेसीबी नंतर

आमच्या सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावांत निवडणूक जवळ आली की मेन रोड रुंद करायचा विषय निघतोच. मग कुणीतरी म्हणतं जेसीबी लावा, कुणीतरी कोर्टात जातं आणि रस्ता आहे तिथंच. मी सिव्हिल डिप्लोमावाला, अशा दोन-तीन रस्त्यांच्या मोजणीला टेपचं टोक धरून उन्हात उभा राहिलोय, त्यावरून सांगतो. निम्म्या वेळा रस्ता असतो बऱ्यापैकी रुंद, फक्त तो सापडत नाही.

सगळ्यात आधी डीपी बघा. वायरमन फ्यूज टाकतो तो डीपी नव्हे आणि व्हॉट्सॲपचा तर नव्हेच, शहर विकास आराखडा. १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली तो होतो, नगरपरिषदेत नकाशा बघायला मिळतो, त्यात तुमचा रस्ता ९ मीटरचा धरलाय का १२ का १५ ते लिहून घ्या. रस्ता नगरपरिषदेचा आहे का बांधकाम खात्याचा तेही विचारा, कारण गावातनं जाणारा राज्यमार्ग असेल तर तुमची सभा कितीही ठराव करू दे, काम त्या खात्याकडनंच होणार. आणि आराखडा नवीन होत असेल तर प्रारूप जाहीर झाल्यावर हरकतीला ३० दिवस असतात, तेव्हा सगळे गप्प बसतात आणि घरावर लाल खूण पडली की धावाधाव. जुन्या आराखड्याचंही एक आहे, १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. त्यामुळं नकाशात रस्ता आहे म्हणून निवांत राहू नका.

आता मोजणी. भूमी अभिलेखकडनं हद्दीची मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, घ्या, ती हातात असली की भांडणं कमी होतात. मग आपली वही काढा आणि दर १० मीटरला रस्ता आडवा मोजा, भिंत ते भिंत. मधे जे जे येतं ते सगळं लिहायचं: पायरी, ओटा, गटर, पोल, पत्र्याचं शेड, पाण्याचा नळ, झाड. एका ठिकाणी आम्ही मोजलं तर भिंत ते भिंत ११.४० मीटर, आणि डांबर फक्त ५.२०. बाकीचे सहा मीटर कुठं गेले? दोन्हीकडं उघडं गटर, त्यावर फरशी टाकून पायऱ्या, पायरीपुढं दुकानाचा बोर्ड, बोर्डापुढं मालकाची गाडी आणि गाडीच्या पुढं पोल. दुकानदार काका म्हणाले, "सायेब, टेप सरळ धरा की, माझ्याच बाजूला का झुकतोय?" टेप सरळच होता.

वहीत अजून एक रकाना ठेवा, दुकान किती खोल आहे त्याचा. तीन मीटर खोल गाळ्यातनं दीड मीटर गेला तर राहिलं काय, पानपट्टी. १० मीटर खोल वाड्यातनं तेवढाच गेला तर मालक कुरकुरेल पण जगेल. सरसकट दोन्हीकडनं सारखं कापायचं यात न्याय दिसतो, पण कधी कधी एकाच बाजूनं घेणं स्वस्त आणि कमी त्रासाचं असतं.

मग गाड्या मोजा. कॉलेजची चार पोरं बसवा, १५-१५ मिनिटांचे तक्ते, साध्या दिवशी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि हे मात्र उसाच्या सीझनमध्येच करा, मे महिन्यात मोजून काही कळणार नाही. कुठली गाडी किती कारइतका रस्ता अडवते ते इंडियन रोड्स काँग्रेसनं ठरवलंय, त्या हिशोबात कार म्हणजे १, मोटारसायकल अर्धी, एसटी किंवा ट्रक ३, ट्रॉलीवाला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी ८. समजा १५ मिनिटांत १२० मोटारसायकली, १४ कार, ४ एसटी-ट्रक, ३ ट्रॅक्टर आणि १ बैलगाडी गेली. बेरीज १०७.५, त्यातले २१.५ उसाच्या चार वाहनांचे, म्हणजे तीन ट्रॅक्टर आणि एका बैलगाडीचे. १४२ गाड्यांत चारच, पण पाचवा हिस्सा गर्दी त्यांची. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर विचारूच नका. मग घरं पाडायच्या आधी कारखान्याशी बोलून ऊस बाहेरच्या रस्त्यानं किंवा रात्री नेता येतो का बघा की.

१२ मीटर मिळाले तर त्यात बसतं काय? कर्बसकट (कडेच्या दगडासकट) दोन लेन ७.५ मीटर, दोन्हीकडं १.८ चा फुटपाथ, झाले ११.१. उरलेल्या ९० सेंटिमीटरात दोन्ही बाजूचे पोल. गटर फुटपाथच्या खाली झाकून. पार्किंगला जागाच नाही हे आधीच कबूल करा आणि सम-विषम तारखेचं पार्किंग किंवा बाजूचं मोकळं मैदान ठरवा, नाहीतर नवीन रस्त्याची एक लेन पहिल्याच आठवड्यात पार्किंगला जाते. भाजीवाल्या मावश्यांचंही तसंच, २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, सर्व्हे करून जागा द्यावी लागते, नुसतं हुसकलं की संध्याकाळी परत तिथंच.

तासगावसारखं गाव असेल तर उंचीही मोजा. तिथं ऋषिपंचमीला गणपतीचा तीन मजली रथ हातानं ओढतात, आडव्या वायरी आणि मधला डिव्हायडर असल्या वेळी आठवतो. तुमच्या गावातही यात्रा, पालखी, ताबूत काहीतरी असणारच.

मोबदला रोख, टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या जागेवर जादा बांधकाम) असा देता येतो. छोट्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक नसतं त्यामुळं लोक रोखच मागणार, ते पैसे अंदाजपत्रकात धरा. पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, तोडायच्या आधी परवानगीचं बघा, त्यापेक्षा वळण द्या. ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर हे ऑफिसवाल्यांना पाठ असतं.

कामाचा क्रम मात्र धरून बसा: पाण्याची लाईन, ड्रेनेज, पोल, गटर आणि सगळ्यात शेवटी रस्ता. आणि जुना थर खरवडूनच नवीन टाकायला लावा. आमच्या गल्लीत थरावर थर टाकत रस्ता फूटभर वर आलाय, पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एक उतरून जातो आणि पावसाळ्यात पाणी आमच्या आधी आत. काँक्रीट ओतायच्या आधी ठरावीक अंतरावर आडवे रिकामे पाईप टाकून ठेवा आणि बुजवायच्या आधी प्रत्येकाचा टेप लावून फोटो काढा, कोणत्या दुकानासमोर, भिंतीपासून किती फुटांवर. चार महिन्यांनी कुणाला तरी नळाचं कनेक्शन पाहिजेच असतं, तेव्हा ब्रेकर आणायच्या आधी तो फोटो दाखवा.