होस्टिंग घेण्याआधी डेटा सेंटरची बॅकबोन जोडणी अशी तपासा

जाहिरातीत ‘१०० जीबीपीएस बॅकबोन’ (डेटा सेंटरला इंटरनेटशी जोडणारी मुख्य जोडणी) असं लिहिलेलं असलं, तरी त्या आकड्यावर थांबू नका. आधी विचारा: अपस्ट्रीम कंपन्या (डेटा सेंटरला इंटरनेट पुरवणाऱ्या) किती, आणि त्यांच्या फायबर केबल इमारतीत वेगवेगळ्या बाजूंनी येतात का? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन कंपन्यांच्या केबल एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या केबलच्या नळीतून) येत असतील, तर रस्ता खोदणाऱ्या एका जेसीबीने दोन्ही तुटतात आणि कागदावरचा पर्यायी मार्ग कामाला येत नाही. मार्ग खरोखर वेगळे असतील, तर बीजीपी (नेटवर्कमधले मार्ग ठरवणारी पद्धत) ट्रॅफिक आपोआप दुसऱ्या वाटेने वळवतं. त्याला काही सेकंद, कधी काही मिनिटंही लागतात.

मग होस्टिंग कंपनीकडून चाचणीचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मागून घ्या. तुमचे ग्राहक जिथे आहेत, तिथून त्यावर एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ दाखवणारं साधन) चालवा, शक्यतो रात्री गर्दीच्या वेळी. फायबरमधून १००० किलोमीटर जाऊन परत यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. अंतराच्या मानाने वेळ फारच जास्त दिसला, तर ट्रॅफिक लांबून फिरून येत असण्याची शक्यता आहे. पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) मात्र शेवटच्या टप्प्यावरचाच धरा. मधले राउटर अनेकदा अशा चाचणीला मुद्दाम कमी उत्तरं देतात.